उन्हाळी कोट

गल्लीतली माणसं तिला अजूनही धाकटीच म्हणत. थोरली जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा आता ती कुणाचीच धाकटी राहिली नव्हती. पण जिभेला लागलेलं वळण असं एका वर्षात सुटत नाही. "धाकटीकडे टाक कापड," लोक म्हणत, आणि म्हणताना दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीकडे बघायचं टाळत.

दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. थोरली बेतायची, धाकटी शिवायची. लग्नाच्या भानगडीत दोघीही पडल्या नाहीत. कुणी विचारलंच तर थोरली म्हणायची, "एवढ्या नवऱ्यांची मापं घेतली, पण एकही अंगाला बसेल असा निघाला नाही." आणि मग दोघी हसत सुटायच्या, अगदी गिऱ्हाइकासमोर. पुरुषांचे कोट शिवावेत तर याच दोघींनी, असं त्या भागात बोललं जायचं आणि ते खोटं नव्हतं.

दुकान रस्त्यावर आणि मागे एक खोली. झोपायचं, जेवायचं, आजारी पडायचं ते सगळं त्याच खोलीत. तिला खिडकी एकच, मागच्या बोळात उघडणारी. बोळ एवढा अरुंद की जाड माणसाला तिरकं होऊन चालावं लागे. बोळाच्या पलीकडची भिंत गादीवाल्याच्या शोरूमची होती.

या गादीवाल्याबद्दल जरा सांगायला हवं. गाद्या, उशा, रजया, दुलया यांचं त्याचं तीन मजली शोरूम. आता भर उन्हाळ्यात रजई कोण विकत घेतो? गादीवाल्यानं त्यावर तोड काढली होती. शोरूममध्ये एसी लावून एवढी थंडी करून ठेवायची की उन्हातून आलेलं गिऱ्हाईक जरा वेळानं आपसूक रजईत हात घालायला लागेल. धंद्याची अक्कल म्हणून ती मानलीच पाहिजे, उन्हाळ्यात त्याच्या रजया हातोहात खपत. गल्लीनं त्याचं नाव थंडोबा ठेवलं होतं. पण शोरूममधून काढलेली गरमी कुठेतरी टाकावी लागते. ती तो मागच्या बोळात टाकायचा. भिंतीवर एकाखाली एक एसीचे बाहेरचे डबे बसवलेले, सगळ्यांची तोंडं बोळाकडे, म्हणजे सरळ सांगायचं तर या दोघींच्या खिडकीत. सकाळी शोरूम उघडलं की डबे घरघरायला लागायचे ते दिवेलागणीपर्यंत. खिडकी उघडी ठेवली तर भाजून काढणारा वारा, बंद केली तर खोलीची भट्टी.

थोरलीचं हृदय आधीच नाजूक. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हाळ्यात थंड जागी राहायचं, दगदग करायची नाही. थंड जागा होती की. हातभर अंतरावर, भिंतीच्या पलीकडे.

थोरली स्वतः गेली होती त्याला भेटायला, चांगले कपडे घालून, गोड बोलून. थंडोबानं तिला नव्या गादीवर बसवलं, पाणी विचारलं आणि म्हणाला, "डब्यांना तोंड कुठेतरी करावंच लागतं, बाई." मग धाकटी गेली. ती काही गोड बोलणाऱ्यातली नव्हती, तरी तिनंही हात जोडले. निदान भर दुपारी तरी थोडा वेळ बंद ठेवा म्हणाली. तो हसला. "दुपारीच तर गिऱ्हाईक येतं हो, उन्हानं भाजून. तेव्हाच बंद करून कसं चालेल?" त्यानंतर थोरली अधूनमधून शोरूमला फोन करायची. "काय म्हणाले?" असं धाकटीनं विचारलं की "बघतो म्हणाले," एवढंच सांगायची.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी धाकटी शिवलेले कपडे पोचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. परत आली तर थोरली मागच्या खोलीत, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. ओलं करून डोक्यावर घेतलेलं फडकं वाळून कडक झालं होतं. धाकटीनं आधी ते फडकं काढलं, नळाखाली भिजवलं, पिळलं आणि पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं, आणि लिहायला दुसरं काही नव्हतंही.

चार दिवसांनी शोरूमचा माणूस खोक्यात बंद केलेला टेबलफॅन घेऊन आला. "साहेबांनी दिलाय. फार वाईट झालं म्हणाले." धाकटीनं तो खोका उचलला, रस्त्यावर आली आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या माणसाच्या हातात दिला. तो बिचारा किती वेळ खोक्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत उभा होता.

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. थंडोबानं तसंच मरावं. तसंच, गरमीनं, तोंड कोरडं पडून, कुणी जवळ नसताना. ती हे स्वतःपासून लपवत नव्हती. सकाळी मशीनवर बसताना तिला ते हवं असायचं, इस्त्री करताना हवं असायचं, आणि मागच्या खोलीला कुलूप घालून दुकानातच अंथरूण टाकताना तर फारच हवं असायचं. फक्त कसं, ते सुचत नव्हतं.

आणि पुढचा उन्हाळा तापायला लागला तेव्हा एक दिवस थंडोबा स्वतःच्या पायांनी तिच्या दुकानात आला.

"टेलरबाई, एक कोट शिवायचाय," तो म्हणाला, रुमालानं मान पुसत. भला थोरला माणूस, गळ्याखाली दोन वळ्या, शोरूमपासून इथपर्यंत चार पावलं चालला तर धापा टाकत होता. "व्यापारी मंडळाचा अध्यक्ष झालोय. पदग्रहण आहे, मोठ्या मैदानावर. आमच्याकडे रीतच आहे, भर बाराला, उघड्यावर, सगळ्या शहरासमोर. तेव्हा कोट रुबाबदार पाहिजे, पण हलका हं. उन्हाळी. मला गरमी अजिबात सोसत नाही."

"माहितीय मला," धाकटी म्हणाली.

तिनं टेप काढला. त्याची छाती मोजली, पोट मोजलं, मान मोजली. मानेच्या मापाला टेप जरा जास्तच आवळला गेला. तो खोकला, ती "माफ करा" म्हणाली. तिच्या अंगाचा नुसता जळफळाट होत होता. हा माणूस इथे उभा आहे, ज्या भिंतीमागे ताई गेली त्या भिंतीला पाठ लावून उभा आहे, आणि ह्याला काहीही आठवत नाही. जाताना तो दुसऱ्या खुर्चीवर आपलं जाकीट विसरून गेला आणि ते न्यायला परत आला, तेव्हाही त्याला काही आठवलं नाही.

कोटाचं असं असतं, की बाहेरचं कापड सगळे बघतात, आतलं कोणी बघत नाही. छातीत कॅनव्हास असतो, खांद्यात पॅड असतात, त्यावर अस्तर. एकदा अस्तर शिवलं की आत काय भरलंय ते शिवणाऱ्याला माहीत. धाकटीनं बाहेरून पातळ, फिकट रंगाचं लिनन घेतलं. आणि आत भरायला काय आणावं याचा विचार करता करता ती उठली आणि थंडोबाच्याच शोरूममध्ये गेली. सगळ्यात ऊबदार रजई कोणती ते विचारलं. काउंटरवरच्या बाईनं मोठ्या आनंदानं दाखवली. घरी आणून धाकटीनं ती रजई फाडली, आतली भरण सोडवली, तिचे पातळ थर केले आणि एकावर एक बसवले, पाठीला, छातीला, बगलेत, मानेशी. वर अस्तर असं घेतलं की ज्यातून वारा म्हणून जाणार नाही. कोटाच्या पाठीला खाली वाऱ्यासाठी ठेवतात तो काप दिसायला काप होता, पण आतून बंद शिवलेला.

तीन दिवस ती दुसरं काही शिवत नव्हती. आता गंमत बघा. सुडानं शिवायला बसलेली बाई, पण हात मेला ऐकेना. थर कुठे फुगू नयेत म्हणून ती एकेक टाका मोजून मापून घालत होती, गळपट्टी बसली नाही म्हणून उसवून पुन्हा लावत होती. पाच-सहा थर आत असूनही तो कोट बाहेरून सडपातळ दिसत होता. काज-बटणं झाल्यावर तिनं तो हँगरला लावला आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की हे बघायला ताई हवी होती. मग तिला स्वतःचाच राग आला.

कोट ठरल्या दिवशी पोचला. थंडोबा खूष. "वजनाला जरा भरतोय," म्हणाला, "पण असू दे, भारी कपड्याला वजन असणारच."

पदग्रहणाच्या दिवशी धाकटीनं दुकान बंद ठेवलं. मैदानावर चालत गेली. डोक्यावर सूर्य असा, की सावलीसुद्धा पायांखाली शिरून बसली होती. तिनं सोबत पाण्याची बाटली घेतली होती आणि ती पीत पीत चालताना तिच्या मनात सारखं एकच चित्र येत होतं. व्यासपीठ, माईक, ऊन, आणि भाषण करता करता गुडघ्यातून दुमडणारा थंडोबा. तो पडला की लोक धावतील, कुणीतरी म्हणेल कोट काढा, आणि बटणं घट्ट असतील. तिनं ती मुद्दाम घट्ट लावली होती.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. एक मंडपवाला तेवढा बांबू सोडवत होता.

"कार्यक्रम?" तिनं विचारलं.

"हलवला की. उन्हाचा हुकूम आलाय ना वरून, दुपारचे उघड्यावरचे सगळे कार्यक्रम बंद. मोठ्या सभागृहात गेलाय. एसीत."

धाकटी उन्हातून तंगडतोड करत सभागृहात पोचली, तेव्हा तिला भोवळ यायची बाकी राहिली होती. दार ढकललं आणि अंगावर बर्फासारखा गार वारा आला. आत माणसं आखडून बसलेली. बायका हात चोळत होत्या, म्हातारे काखेत हात घालून बसले होते. मावळते अध्यक्ष दोन वाक्यं बोलून, दात वाजत असताना, खाली बसले. कुणीतरी एसी कमी करायला सांगत होतं आणि ते कुणाला जमत नव्हतं. आणि नवे अध्यक्ष माईकसमोर उभे होते, फिकट उन्हाळी कोटात, गाल गुलाबी, चेहऱ्यावर समाधान. थंडोबा बोलायला लागला तो थांबेचना. एवढ्या मोठ्या सभागृहात ऊब अशी एकाच माणसाला होती, आणि ती त्याला धाकटीनं शिवून दिली होती.

ती शेवटच्या रांगेत बसून ऐकत राहिली. घामानं भिजलेले कपडे अंगावर गार पडले. दुसऱ्या दिवशी ती शिंका देत उठली. ऐन उन्हाळ्यात, सगळं शहर होरपळत असताना, गल्लीत सर्दी झालेली ती एकटीच. शेजारच्या चांभारानं विचारलं, "कुठे गेली होतीस बर्फ खायला?" आणि तिला त्याच्या डोक्यात इस्त्री घालावीशी वाटली.

आठवड्यानं थंडोबा पुन्हा आला, पेढा हातात नव्हता एवढंच, बाकी सगळा आनंद तोंडावर.

"बाई, काय कोट आहे! माझं आयुष्य शोरूममध्ये कुडकुडण्यात गेलं. गिऱ्हाईक येतं आणि जातं, मी मात्र दिवसभर आत. आता कोट घालून बसतो. आणि सांगतो तुम्हाला, एसी अजून खाली आणलेत. पूर्वी मलाच सोसत नव्हतं म्हणून हात राखून लावायचो. आता सगळे डबे पुऱ्या जोरावर. रजया अशा जाताहेत म्हणून सांगू." त्यानं काळं कापड टेबलावर ठेवलं. "अजून एक शिवा. अगदी तसाच, आतून बाहेरून तसाच."

तो गेल्यावर धाकटी उठली आणि कितीतरी महिन्यांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. दार उघडताच तोंडावर झळ आली. पूर्वी डबे आळीपाळीनं दम घ्यायचे, एखादा थांबायचा, दुसरा सुरू व्हायचा. आता सगळे एका दमात चालत होते. खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसला. हे आपण केलं, तिला कळलं. ताईला मारलेल्या गरमीत आपल्या हातानं भर घातली. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं ती खोली झाडली, पुसली. दुकानातला मोठा आरसा आत नेऊन भिंतीला लावला. खिडकीची झडप बिजागऱ्यांतून काढून बाहेर टाकली. कुणी विचारलंच तर ट्रायलला उजेड हवा म्हणून.

मरण आपल्या हातात नाही, हे त्या सभागृहात तिला कळलं होतं. मग निदान एवढं तरी. या माणसानं या खोलीत उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की एसी बंद करा. आपण ते आपल्या कानांनी ऐकावं. त्यानं ते म्हटलं, की दार उघडायचं. तिनं तेवढंच ठरवलं होतं.

"ट्रायलला भर दुपारी या," तिनं निरोप धाडला. "तेव्हा उजेड नीट येतो."

तो आला. आतल्या खोलीत शिरताच म्हणाला, "बाप रे, इथे केवढं गरम होतंय."

"पाचच मिनिटं. फोन तेवढा इथे टेबलावर ठेवा, खिशात असला की कोट अंगावर नीट पडत नाही." तिनं कच्च्या टाक्यांचा काळा कोट त्याच्या अंगावर चढवला. आत रजईचे थर होतेच, त्यानंच तर तसाच सांगितला होता, फक्त या वेळी ते पहिल्यापेक्षा जास्त होते. गळ्यापासून खालपर्यंत तिनं पुढची बाजू टाचण्यांनी बंद केली. मग बाह्या दोन्ही बाजूंना अंगाशी टाचल्या. "बाहीचा तोल बघायचाय. हात हलवू नका, टाचण्या लागतील." आणि तिनं दाराला आतून कडी घातली. "वारा येतो दुकानातून, खडू उडतो."

डबे घरघरत होते. खिडकीतून येणारा वारा त्याच्या पाठीवर बसत होता. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली, डोळ्यांत गेली, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"हा आवाज कसला?" त्यानं विचारलं.

"तुमचेच एसी."

"असं?" त्यानं मान वळवून खिडकीकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होता. खरं तर तो पहिल्यांदाच बघत होता. मग आरशातून तिच्याकडे बघून, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "तुम्ही दोघी होतात ना इथे? दुसऱ्या कुठे असतात हल्ली?"

धाकटीच्या तोंडात टाचणी होती. तिनं ती काढली, कॉलरला लावली.

"इथेच होती. या खोलीत, तुम्ही उभे आहात तिथे. मागच्या उन्हाळ्यात गेली. तुम्ही टेबलफॅन पाठवला होतात."

"हां हां," तो म्हणाला. "आठवलं. फार वाईट झालं." आणि लगेच, "बाई, मला जरा गरगरतंय. कोट काढा हा."

"काढते. एक बाही राहिलीय."

ती बाही बघत राहिली. तिनं खडूची खूण केली, पुसली, पुन्हा केली. त्याचा चेहरा आधी लाल होता, आता पांढुरका पडायला लागला. ओठ चिकटत होते. अखेर तो मट्‌कन स्टुलावर बसला, तशा टाचण्या कुशीत रुतल्या आणि तो कळवळला.

"एसी बंद करायला सांगा कुणीतरी," तो म्हणाला. "फोन लावा. शोरूमला."

आली ती वेळ. तिनं त्याचा फोन उचलला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

"मागचे एसी बंद कर. लगेच," तो धापा टाकत म्हणाला.

"कोण बोलतंय?" काउंटरवरची बाई.

"अगं मी. साहेब."

"साहेब बाहेर गेलेत," बाई थंडपणे म्हणाली. घशाला कोरड पडून बसलेला त्याचा आवाज त्याच्या आईनंसुद्धा ओळखला नसता. "आणि फोनवरून कुणीही, कुठलंही नाव सांगू दे, एसी बंद करायचे नाहीत, असं साहेबांनीच सांगून ठेवलंय. मागच्या उन्हाळ्यात एक बाई असाच फोन करायची. रडायची पण. आम्ही केले का बंद?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. धाकटी तशीच उभी राहिली, फोन त्याच्या तोंडाशी धरून. ताई रडायची. पोटच्या पोरासारखी जपलेली धाकटी समोर असताना कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि त्या गादीच्या दुकानातल्या परक्या बाईसमोर रडायची. आणि "बघतो म्हणाले" म्हणून सांगायची.

"जावयाला लावा," थंडोबा पुटपुटला. "जावई ओळखेल."

तिनं जावयाला लावला. तो शोरूमच्याच वरच्या मजल्यावर होता. त्यानं सासऱ्याचा आवाज ओळखला, घाबरला, काय झालं म्हणून विचारायला लागला. "आधी बंद कर," थंडोबा म्हणाला. "बोलतो नंतर. हात जोडतो बाबा, बंद कर."

आणि डबे थांबले. एकेक करून, वरपासून खालपर्यंत. मागच्या बोळात शांतता झाली. दोन उन्हाळे त्या खोलीनं दुपारी अशी शांतता ऐकली नव्हती. लांबून कुठूनतरी सायकलची घंटी ऐकू आली, कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. जरा वेळ झाला आणि बोळातून वाऱ्याची एक झुळूक आली. साधी, उन्हाळ्यातली कोमट झुळूक, पण झुळूक.

त्यानं म्हटलं होतं, तिनं ऐकलं होतं. हात जोडतोसुद्धा म्हणाला होता. धाकटीला वाटलं होतं तेवढं काही तिला वाटलं नाही, पण ठरलं म्हणजे ठरलं. तिनं त्याच्या गळ्याशी हात नेला आणि वरची टाचणी काढली. मग दुसरी. त्यानं मान मोकळी केली, डोळे मिटून मोठा श्वास घेतला. त्याच्या गालांवर रंग परत यायला लागला.

"हुश्श," तो म्हणाला. मग डोळे उघडून खोलीभर बघितलं आणि त्याला खरंच नवल वाटलं. "बघा की, एवढ्याशा वेळात खोली निवली. एवढीशी तर गोष्ट होती. आधी सांगायचंत ना, बाई."

धाकटीच्या चिमटीत तिसरी टाचणी होती. तिनं ती काढली नाही. होती तिथे परत बसवली, आणि काढलेल्या दोन्हीही लावल्या.

मग तिनं त्याच्या फोनवरून शोरूमला फोन लावला. "साहेब ट्रायलला बसलेत," ती म्हणाली. "झालं त्यांचं काम. एसी परत लावा, पहिल्यासारखे."

"लावते," काउंटरवरची बाई म्हणाली. कोण बोलतंय म्हणून तिनं या वेळी विचारलं नाही.

"काय करताय?" थंडोबा म्हणाला. त्यानं उठायला बघितलं, टाचण्या कुशीत शिरल्या, आणि पाय उचलत नव्हते. तो पुन्हा स्टुलावर बसला. "बाई. पैसे हवेत का? काय हवंय तुम्हाला?"

बोळात पहिला डबा घरघरला. मग त्याच्या खालचा. मग सगळे. धाकटीनं फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला, खणाला किल्ली लावली. कापायची मोठी कात्री उचलली आणि दाराला पाठ लावून, त्याच्यासमोर जमिनीवर बसली, कात्री मांडीवर ठेवून. तिच्याही कपाळावर घाम आला होता. तिनं तो पुसला नाही.

"तुम्हीही इथेच बसणार?" त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात पहिल्यांदा खरी भीती होती. "मराल तुम्हीही."

"बसते. मागच्या वेळी मी नव्हते इथे."

झळ पुन्हा खोलीत भरायला लागली. त्यानं तिच्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, खिडकीतून आत येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या वाऱ्याकडे बघितलं. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून ओघळून कोटावर पडला.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"ताईला सगळी दुपार लागली होती," धाकटी म्हणाली.